पिकांचे रानटी भाऊबंद

बंगळूर शहराच्या आग्नेय भागातील एचएसआर लेआउट ही वसाहत होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांचे नाव धारण करून आगरा तलावाशेजारी वसली आहे. येथे हौसेने लावलेले वांग्याचे झाड गच्चीवरील कुंडीत वाढते, तर कोणीही न लावलेले काटेरी रानवांगे रिकाम्या भूखंडावर. एक घराच्या लाडाचे, दुसरे कोणाच्याच खिजगणतीत नसलेले. परंतु फुलावर येणारा भुंगा हा भेद मानीत नाही. भूखंडाची हद्द नगररचनाकार आखतो. परागाची हद्द भुंगा ठरवितो.

वांग्याच्या फुलातील पराग सहजासहजी हाती लागत नाही. त्याचे पिवळे परागकोश नळीसारखे मिटलेले असून टोकाशी केवळ बारीक छिद्रे असतात. भुंगा फुलाला घट्ट कवटाळून छातीचे स्नायू थरथरवितो, आणि चाळणीतून पीठ गळावे तसा पराग त्याच्या अंगावर सांडतो. वांगे बव्हंशी स्वतःच्याच परागावर फळत असले, तरी असा परका परागही काही फुलांना मिळतो.

हा व्यवहार शतकानुशतके चालत आला आहे. त्याला नवे महत्त्व आले ते जनुक-परिवर्तित पिकांमुळे. वांग्याचा शेंडा आणि फळ पोखरणारी अळी शेतकऱ्याला जेरीस आणते. तिच्यापायी वारंवार विषारी फवारे मारावे लागतात. मातीतील एका जिवाणूचे जनुक वांग्यात घालून झाडालाच त्या अळीचा प्रतिकार करण्यास शिकवावे, ही कल्पना म्हणूनच आकर्षक होती. जालन्याच्या महिको कंपनीने हे तंत्र उभे केले आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाने ते ज्या वाणांत आणले, त्यांत पुण्याकडील मांजरी गोटाही होता.

मात्र हे जनुक शेतातच राहील काय, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर प्रत्येक नातलगाच्या बाबतीत निराळे आहे. उंच वाढणाऱ्या, पांढऱ्या फुलांच्या व झुपक्याने फळणाऱ्या रानवांग्याशी शेतातल्या वांग्याचा संकर अतिशय अवघड असतो. उलट, ज्या काटेरी रानजातीपासून आपले वांगे माणसाळले गेले, तिच्याशी संकर सहज होतो व त्याची संततीही फळते. दोघांचीही गुणसूत्रे 24च. कापसाची गोष्ट याहून वेगळी. भारतात 2002 साली मंजूर झालेल्या बीटी कापसाची गुणसूत्रे 52, तर आपल्या देशी कापसाची 26. त्यांचा संकर झालाच, तर 39 गुणसूत्रांचे ते रोप सहसा वांझ निघते. निसर्गाने तेथे दाराला कुलूप लावले आहे. वांग्याच्या घरी ते दार उघडे आहे.

जनुक तणात शिरले म्हणजे अनर्थ ओढवलाच, असे नव्हे. ते तणाला उपयोगी पडते की नाही, यावर पुढचे सारे अवलंबून असते. अळीने तणाची वाढ रोखलेली असेल, तर तो पहारा उठताच तण फोफावेल. अळीचा उपद्रवच नसेल, तर जनुकाचा लाभही नाही. अमेरिकेत नेब्रास्का येथे अळीरोधक जनुक मिळालेल्या रानसूर्यफुलांना अधिक बी धरल्याचे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. कॅनडातील क्वेबेक प्रांतात तर तणनाशक सोसण्याचे जनुक मोहरीवर्गीय तणात शिरून, त्या तणनाशकाची फवारणी नसतानाही अनेक वर्षे टिकून राहिले.

ऑक्टोबर 2009 मध्ये बीटी वांग्याला तज्ज्ञ समितीची संमती मिळाली. त्यानंतर नागपूर, बंगळूर यांसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्या पिकाला स्थगिती दिली. वांग्याच्या वाणांचे भारतातील वैविध्य हाही त्या निर्णयातील एक मुद्दा होता. पुढे बांगलादेशाने 2014 पासून हेच पीक शेतकऱ्यांच्या हाती दिले.

फवाऱ्याच्या विषातून शेतकऱ्याची सुटका व्हावी, ही मागणी न्याय्यच आहे. पण सदोष बियाणे बाजारातून परत मागविता येते. रानात रुजलेले जनुक परत बोलाविता येत नाही. म्हणून पिकाची पारख करताना त्याच्या बांधावरच्या भाऊबंदांचीही चौकशी आधीच व्हावयास हवी. ज्या तणाकडे कोणी ढुंकून पाहत नाही, त्याच्याच अंगी उद्याच्या वांग्याला रोगाशी झुंजण्याचे बळ देणारे गुण दडलेले असू शकतात.