पाटील मास्तरांचं बोर्डिंग
(कर्मवीर जयंतीनिमित्त सांगली जिल्हा मेळाव्यात केलेलं भाषण)



जयंतीला फोटोला हार घालायचा, चार चांगले शब्द बोलायचे आणि घरी जायचं, हे दरसालचं आहे. मी आज कर्मवीर अण्णांच्या हिशेबावर बोलणार आहे. एवढी पोरं शिकली, त्यांच्या पोटाला धान्य कुणी घातलं, ते.

भाऊराव पाटील आपल्या वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजला. मॅट्रिकही झाले नाहीत. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात असताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले, म्हणून तिथून बाहेर पडावं लागलं. साताऱ्यात शिकवण्या घेत, तेव्हा लोक त्यांना पाटील मास्तर म्हणायचे.

पुढे ते किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे फिरते विक्रेते झाले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मी शेतकी कॉलेजात शिकलो, हरळी-कुंदा काढायला खोल नांगरट का लागते ते पुस्तकात वाचलं. पण लोखंडानं जमीन नासते असं मानणाऱ्या माणसाच्या बांधावर जाऊन त्याला नांगर घ्यायला लावणं, हे शिक्षण कुठल्या कॉलेजात मिळतं? गावोगाव हिंडताना त्यांनी आपलं घर आतून पाहिलं. सावकाराच्या कागदावर काय लिहिलंय हे न कळता अंगठा उठवणारा बाप, आणि गुरांमागं जाणारं पोरगं.

१९१९ साली कऱ्हाडजवळ काले इथं सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला गेला. १९२४ साली बोर्डिंग साताऱ्यात आलं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी पोरं एका पंगतीला. स्वयंपाक पोरांनीच करायचा, पाणी त्यांनीच भरायचं. १९२७ साली गांधीजी तिथं आले, त्यांच्या हस्ते बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. ह्याच बोर्डिंगातले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू.

पण बोर्डिंग चालवलं कुणी? लक्ष्मीबाईंनी, अण्णांच्या पत्नीनं. अंगावरचे दागिने एकेक करून गेले. एकदा अण्णा बाहेरगावी आणि कोठीत दाणा नाही, तेव्हा त्या माउलीनं मंगळसूत्रही मोडलं. १९३० साली त्या वारल्या. पाठ्यपुस्तकात त्यांना दोन ओळी मिळतात. मायबहिणींनो, हे मला बरोबर वाटत नाही.

दुसरा हात गावातल्या बायांचा. दळायला बसताना मूठभर दाणे वेगळ्या मडक्यात टाकायचे. मुष्टिफंड म्हणायचे त्याला. ज्या घरात स्वतःचं पोर शाळेत नव्हतं, तिथूनही मूठ यायची. अण्णांनी सरकारी अनुदान नको असं कधी म्हटलं नाही, ते हक्कानं मागितलं. पण अनुदान येईपर्यंत चूल विझू दिली नाही. १९४७ साली साताऱ्यात शिवाजी कॉलेज निघालं, तिथं कमवा आणि शिका. पोरं शेतात राबत आणि तासाला बसत. ९ मे १९५९ ला अण्णा गेले, त्याच साली पद्मभूषण मिळालं होतं.

आता आपल्याकडे बघा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ. म्हैसाळचं, टेंभूचं पाणी काही शिवारांत आलं, काही अजून वाट बघताहेत. शाळू करपला, कापसाचा खर्चही निघाला नाही, की घरात पहिली काटछाट कशावर? मुलीच्या शिक्षणावर. पोराला पुण्याला क्लास लावायला जमीन गहाण पडते, मुलीला तालुक्याला खोली घेऊन द्यायला मात्र पैसे नसतात. एसटी चुकली की कॉलेज चुकतं, आणि मग पाहुणे बघायला येतात.

म्हणून माझी सूचना अशी. जतला मुलींसाठी चार-पाच खोल्या भाड्यानं घ्यायच्या. सुगीत रास झाली की प्रत्येक घरानं एक पायली शाळू बाजूला काढायचा. कापूसवाल्यांनी पट्टी हातात आल्यावर जमेल ते रोख द्यायचं. मुलगी कुठल्या जातीची हे विचारायचं नाही. हिशेब दर महिन्याला याच पत्रकात छापू, पायलीसकट. देखरेखीला दोन बाया हव्यात, पुरुष नकोत.

वह्या त्या टेबलावर ठेवल्या आहेत. गावाचं नाव, घरं किती, पायल्या किती, एवढं लिहायचं. जेवणाच्या सुटीआधी भरून द्या, दुपारी खोल्यांच्या भाड्याचं बोलू.