मर्जीचा कायदा आणि कायद्याचे राज्य
(जयपूर येथील सभेत केलेले भाषण)

१३ मे २००८ च्या सायंकाळी याच शहरात, तटबंदीच्या आतील गजबजलेल्या बाजारांत आणि देवळांजवळ, सायकलींवर ठेवलेले बॉम्ब एकामागून एक फुटले. ७१ माणसे मेली. १८० हून अधिक जखमी झाली. अशा कृत्याचा निषेध करताना आपल्याला क्षणभरही अडखळावे लागत नाही. निरपराधांची हत्या ही क्रांती नव्हे. तिने कष्टकऱ्यांची एकजूट फुटते आणि राज्यसंस्थेच्या हाती नवे हत्यार पडते.

पण न्यायाचे काय झाले? डिसेंबर २०१९ मध्ये विशेष न्यायालयाने चौघांना फाशी सुनावली. २९ मार्च २०२३ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने त्या चौघांनाही निर्दोष ठरवले, तपासावर कडक ताशेरे ओढले आणि दोषी अधिकाऱ्यांविरुद्ध कारवाई करण्याचा आदेश दिला. त्यावर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. न फुटलेल्या बॉम्बच्या वेगळ्या खटल्यात एप्रिल २०२५ मध्ये चार जणांना जन्मठेप झाली. अखेरचा निकाल काहीही लागो. मृतांच्या आप्तांना फाशीची बातमीही ऐकावी लागली आणि सुटकेचीही.

कायदा सौम्य होता म्हणून हे घडले काय? मुळीच नाही. १९८५ मध्ये आलेला टाडा १९९५ मध्ये संपला, २००२ चा पोटा २००४ मध्ये रद्द झाला. त्यांतील बऱ्याच तरतुदी मात्र १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात शिरल्या. २००८ च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीनुसार आरोपपत्रावाचून १८० दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येते, आणि पोलिसांच्या कागदांवरून आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामीन मिळत नाही. २०१९ पासून खटल्यावाचूनच एखाद्या व्यक्तीला दहशतवादी घोषित करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे.

साथींनो, ज्या अधिकाऱ्याला आरोपी वर्षानुवर्षे डांबता येतो, त्याला पुरावा शोधण्याची निकड उरत नाही. मर्जी वाढते तसा तपास ढिला पडतो. खरा गुन्हेगार निसटतो, निरपराध आत सडतो.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. एखादी संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. आज ज्याला शासन 'धोका' म्हणते, तो उद्या गिरणी कामगारांचा संप किंवा आदिवासींचा मोर्चाही असू शकेल.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. खटल्यास मंजुरी देणाऱ्याने कारणे लेखी नोंदवावीत. जामिनाचा निर्णय पुराव्याची पारख करूनच व्हावा. निर्दोष सुटलेल्यास भरपाई मिळावी आणि बनावट पुरावा रचणारा अधिकारी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहावा. ही दहशतवाद्यांवरील दया नव्हे. जयपूरच्या ७१ मृतांचे ऋण फेडण्याचा हाच प्रामाणिक मार्ग आहे. राज्य कायद्याचे असावे, अधिकाऱ्याच्या मर्जीचे नव्हे; आणि ते जनतेच्या संघटित जागरूकतेवाचून टिकत नाही.