थीडा बाराचे डबे



जुन्या सिनेमाच्या शौकिनांना मूकपटांतली नटी थीडा बारा नव्यानं सांगायला नको. काजळानं माखलेले डोळे, मोकळे सोडलेले केस, पुरुषाला देशोधडीला लावणारी बाई. मूळची सिनसिनाटीच्या शिंप्याची मुलगी थिओडोशिया गुडमन. फॉक्स या चित्रपट कंपनीनं मात्र जाहिरात केली, की ही सहाराच्या वाळवंटात जन्मली! १९१५ साली 'अ फूल देअर वॉज' आला आणि फॉक्स तिच्या जिवावर उभी राहिली. पुढच्या चारेक वर्षांत तिनं चित्रपटांची नुसती रांग लावली. सगळे मिळून चाळीसच्या आसपास.

आज त्यातले पूर्ण बघायला मिळतात पाच-सहा. १९१७ची तिची 'क्लिओपात्रा' केवढी गाजली होती! तिचे फक्त तुकडे उरलेत. ९ जुलै १९३७च्या रात्री न्यू जर्सीत लिटल फेरी गावी फॉक्सच्या फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि हजारो रिळं गेली. थीडा तेव्हा हयात होती, पन्नाशी ओलांडलेली.

आग म्हटली की आपण दैवाला बोल लावून मोकळे होतो. तसं करू नका. माझ्या आजीची पैठणी ट्रंकेत असायची. दर दसऱ्याला ती बाहेर निघायची, सावलीत वारा खायची, घडी बदलून पुन्हा मलमलीत जायची. एक वर्ष आजी आजारी पडली, मग दुसरं गेलं, तिसरं गेलं. चौथ्या वर्षी उघडली तर घडीवर जर तुटलेली आणि रेशीम बोटाला चिकटून येतंय. ट्रंकेचं कुलूप मात्र शाबूत! फिल्मचंही तसंच. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती आपोआप कुजते, कुजताना वायू सोडते. तो कोंडला आणि वरून उन्हाळा तापला, की पेट घेते. एकदा पेटली की पाण्याखालीही जळते. लिटल फेरीला नेमकं हेच झालं. बाहेर जुलैचा उकाडा आणि आत कोंडलेली खोली.

पुन्हा सांगते, कारण हे निसटून जातं: त्या रिळांचं मरण आगीच्या कितीतरी आधी, बंद दारामागं सुरू झालं होतं. बोलपट आल्यावर मूकपटाला गिऱ्हाईक उरलं नाही, मग ते डबे उघडून बघणार कोण? आपल्या फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' तरी कुठं पूर्ण आहे आपल्यापाशी?

वेळ संपत आलीय. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर वडिलांनी काढलेल्या लग्नकार्याच्या, सहलीच्या फिल्मचे डबे असतील. ती फिल्म नायट्रेटची नसेलही, पण कुजायला तिलाही उकाडा आणि ओल पुरते. या रविवारी डबा खाली काढा, झाकण उघडा आणि आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर तो डबा बाकीच्या डब्यांपासून लगेच वेगळा ठेवा, गार आणि कोरड्या जागी, आणि ती फिल्म प्रोजेक्टरवर चढवण्याआधी…



(वेळेअभावी भाषण येथे थांबले.)