अल्प खर्चातील भुलाबाई

नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील वाडी हे आज मालमोटारींच्या आणि गोदामांच्या वर्दळीचे ठिकाण असले, तरी भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत विदर्भात व खानदेशात पूर्वापार बसणाऱ्या भुलाबाईची, म्हणजे मुलींनी गाणी म्हणून पुजायच्या पार्वतीची, तजवीज तेथील बेताच्या ऐपतीच्या बिऱ्हाडातही मामुली खर्चात करता येते. मूर्तींसाठी चाळलेली माती भिजवून तीत थोडा पिंजलेला कापूस मळावा, म्हणजे वाळताना सहसा तडे जात नाहीत. मूर्ती सावलीतच सुकवाव्या, आणि मग गेरू, खडूची पूड व हळद एवढ्याच सामग्रीने भुलाबाई, भुलोजी (शंकर) व गणपती रंगवावे. बाजारातील चकचकीत साच्याच्या मूर्तीपेक्षा ही ओबडधोबड भुलाबाई मला तरी अधिक देखणी वाटते. कोजागरीच्या मखरासाठी ज्वारीचे पाच धांडे शेंड्याशी एकत्र बांधले की काम झाले.

गाण्यांनंतर वाटायच्या खिरापतीचा शिरस्ता मात्र चातुर्याचा. झाकलेला डबा हलवून मुलींनी आतील जिन्नस ओळखायचा असतो, आणि फुटाणे तर तत्काळ चुगली करतात. म्हणून जाणती गृहिणी कोहळ्याची बोंडे करते. किसलेला लाल कोहळा गुळात शिजवून, निवल्यावर त्यात मावेल तेवढीच कणीक, चिमूटभर मीठ व वेलची घालून ती मध्यम आचेवर तांबूस तळावीत. वरून पाणी घालू नये, कारण कोहळ्याच्याच रसात पीठ भिजते. मऊ बोंडे डब्यात फारसा आवाज करीत नाहीत.

यंदा भुलाबाई बसवाल, तेव्हा शेजारच्या मुलींनाही, त्यांची मातृभाषा कोणतीही असो, गाण्याला अवश्य बोलवावे.