बंदुकीचा धक्का आणि पहारेकऱ्याचा खांदा

बंदूक उडाली म्हणजे तिचा आवाज चारी दिशांस ऐकूं जातो, पण तिचा धक्का एकाच माणसाला कळतो. ज्याच्या खांद्याला ती टेकलेली असते त्याच्यावांचून त्या धक्क्याची दाद दुसऱ्या कोणालाच नसते. म्हणूनच बंदूक विकत घेणारा एक आणि ती चालविणारा दुसरा, अशी जेथें स्थिति असते तेथें या धक्क्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं.

सोलापुराहून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गावर चिंचोळीची औद्योगिक वसाहत आहे. १९६२ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें राज्यांत ठिकठिकाणीं ज्या वसाहती वसविल्या त्यांपैकींच ही एक. अशा वसाहतींतील एखाद्या कारखान्याच्या दाराशीं रात्रपाळीस बसलेल्या पहारेकऱ्याची कल्पना करावी. बहुतेकांच्या हातीं काठी आणि विजेरी एवढेंच असतें. पण जेथें रोकड किंवा किंमती माल राखावयाचा असतो तेथें परवान्याची बारा बोअरची बंदूकही दिसते. ती एकनळी असेल, दुनळी असेल किंवा पंपाची असेल. पंपाच्या बंदुकींत नळीखालची मूठ मागें ओढून पुढें सारली कीं रिकामें टरफल बाहेर पडतें आणि भरलेलें काडतूस नळींत चढतें. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिरानें रचलेली विंचेस्टरची १८९७ची बंदूक या जातींत प्रसिद्धीस आली, आणि १९५० सालीं निघालेली रेमिंग्टन ८७० तर जगभर पसरली.

आपला पहारेकरी वर्षाकाठीं एकदां दोनदां सरावासाठीं थोडीं काडतुसें उडवितो. पहिल्या बारानें खांदा दुखावतो. दुसऱ्याच्या वेळीं डोळे आपोआप मिटतात. तिसऱ्याच्या वेळीं चाप ओढण्यापूर्वींच अंग आखडतें आणि नळीचें तोंड खालीं झुकतें. लोक याला भित्रेपणा म्हणतात, पण तो भित्रेपणा नव्हे. दुखावलेल्या शरीरानें स्वतःच्या रक्षणासाठीं लावून घेतलेली ती संवय आहे. मात्र तिचा परिणाम भयंकर होऊं शकतो. प्रसंगीं डोळे मिटून सोडलेले छरे कोणाला लागतील याचा नेम नाहीं. फाटकाबाहेरच्या रस्त्यानें घरीं परतणारा पाळीचा कामगारही त्यांच्या वाटेंत सांपडावयाचा. तेव्हां पहारेकऱ्याचा खांदा जपणें ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नसून सर्वांच्याच सुरक्षिततेची ती गोष्ट आहे.

धक्का येतो कोठून? न्यूटननें १६८७ सालीं मांडलेल्या नियमांत याचें उत्तर आहे. छरे जितक्या संवेगानें पुढें जातात तितक्याच संवेगानें बंदूक मागें येते. बत्तीस ग्रॅम छरे सेकंदाला ४०० मीटर वेगानें सुटले आणि बंदूक ३.२ किलोची असली, तर केवळ छऱ्यांच्याच हिशेबानें ती सेकंदाला ४ मीटर वेगानें खांद्यावर येते. जळालेल्या दारूचा वायु आणि काडतुसांतील बूच यांची भर निराळीच. आतां त्याच वेगाचें पण २८ ग्रॅम छऱ्यांचें काडतूस घेतलें, तर धक्क्याची ऊर्जा सुमारें पाऊणपटीवर येते. उलट, तेंच ३२ ग्रॅमचें काडतूस ठेवून बंदुकीचें वजन अर्ध्या किलोनें वाढविलें, तर ती सातव्या हिश्शाइतकीच घटते. यावरून पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय कोणता तें उघड होतें: सरावाला हलकें काडतूस वापरावें. नवशिक्याच्या हातीं पहिल्याच दिवशीं भारी काडतूस देणें म्हणजे पोहणें शिकणाऱ्याला पुरांत ढकलणें होय.

दुसरा उपाय दस्त्याचा. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे कीं, कोणताही दस्ता हा संवेग नाहींसा करूं शकत नाहीं. तो फक्त धक्का अधिक वेळांत आणि अधिक जागेवर पसरवितो. आखाड्यांतील लाल मातींत पडलेला पैलवान अंग झटकून उठतो. तोच फरशीवर पडला तर त्याचें हाड मोडतें. वजन तेंच, पडणेंही तेंच. माती थोडी दबते, फरशी दबत नाहीं, इतकाच काय तो फरक. दस्त्याच्या टोकाला बसविलेली जाड मऊ रबराची गादी हेंच काम करते. कांहीं नव्या दस्त्यांत याहून पुढची योजना असते: आंत बळकट स्प्रिंगा असतात, आणि बार उडतांच दस्त्याचा एक भाग दुसऱ्यांत कांहीं अंतर सरकून पुन्हां जागेवर येतो. अशा दस्त्यानें धक्का खरोखरच सौम्य लागतो. पण त्याचे दोष घेण्यापूर्वींच पाहावे. गाल टेकण्याची जागा सरकत असेल तर गालफड सोलवटतें. खांद्याशीं सैल धरल्यास स्प्रिंगेचा उपयोग उणा होतो. शिवाय अशा दस्त्याला बहुधा पिस्तुलासारखी उभी मूठ असते. ज्या बंदुकीचा सुरक्षा-खटका चापामागें आडवा असतो, जसा रेमिंग्टन ८७०चा, तिला ही मूठ अडचण करीत नाहीं. पण मॉसबर्ग ५००सारख्या बंदुकीचा खटका वरच्या बाजूस असल्यामुळें उभी मूठ धरलेला अंगठा तेथवर सहज पोहोंचत नाहीं. धक्का कमी करण्याच्या नादांत खटका हातावेगळा करणें हा शहाणपणाचा सौदा नव्हे.

तिसरा उपाय सर्वांत महत्त्वाचा असून त्याचाच लोकांना सर्वाधिक विसर पडतो. तो म्हणजे माप. पंपाच्या पुष्कळ बंदुकांत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचें अंतर १४ इंचांच्या आसपास असतें. उंच, रुंद छातीच्या माणसाला तें ठीक. सव्वापांच फूट उंचीच्या मनुष्याला तें लांब पडतें. मग तो मान पुढें ताणतो, कमरेंतून मागें झुकतो, आणि दस्ता खांद्याच्या खळग्यांत न बसतां दंडाच्या हाडावर येतो. अशा वेळीं उत्तमांतली उत्तम गादीही व्यर्थ होय. उलट दस्ता फार तोकडा झाला तर धक्क्यासरशी अंगठा नाकावर आदळतो. रिकामी बंदूक नीट खांद्याला लावली असतां नाक आणि अंगठ्याचें मूळ यांत दोन बोटांचें अंतर राहावें. गाल टेकतांच डोळ्याला नळीवरची माशी दिसावी, धातूच्या पेटीची पाठ नव्हे. आणि गादीचें केवळ खालचें टोंक न रुततां तिचा सबंध पृष्ठभाग खांद्याला लागावा. या तीन खुणा जुळल्या कीं निम्मी लढाई जिंकलीच.

माप घेतांना ऋतूही विसरूं नये. वैशाखांतल्या पातळ सदऱ्यावर बेताचा असलेला दस्ता पौषांतल्या स्वेटरवर लांब वाटतो. आणि जेथें एकच बंदूक दिवसपाळीचा एक आणि रात्रपाळीचा दुसरा असे दोघे वापरतात, तेथें कायम लांबीचा दस्ता दोघांपैकीं एकाला तरी जाचणारच. म्हणून अशा ठिकाणीं स्प्रिंगेच्या नवलाईपेक्षां, पट्ट्या घालून वा काढून लांबी कमीजास्त करतां येणारा साधा दस्ता अधिक उपयोगी. अर्थात् परवान्यान्वयें ज्यांना ती बंदूक बाळगण्याची मुभा आहे त्यांचाच हा विचार.

दस्ता बसविण्याचें काम दिसण्यांत सोपें आहे. प्रथम काडतुसांची नळी आणि बार भरण्याचें घर हीं दोन्ही रिकामीं असल्याची डोळ्यांनीं व बोटानें खात्री करावी, आणि काडतुसें दुसऱ्या खोलींत ठेवावीं. बहुतेक पंपाच्या बंदुकांत गादीचे दोन स्क्रू काढले कीं आंत खोल एक लांब बोल्ट दिसतो. तोच दस्त्याला पेटीशीं जखडतो. नवा दस्ता त्याच नमुन्याच्या बंदुकीसाठीं घडविलेला असावा. तो पेटीला सर्व बाजूंनीं बिलगला पाहिजे. फट राहिली तर धक्का एकाच कोपऱ्यावर येऊन लाकूड फुटतें. थोडीं काडतुसें उडविल्यावर बोल्ट पुन्हां तपासावा. तरीही हें काम परवानाधारक कारागिराकडून करवून घेणें आणि आधीं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला विचारणें इष्ट. १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें शस्त्रदुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो, आणि परवान्यावांचून नळी तोकडी करणें हा गुन्हा आहे.

आणि कानांचें काय? बाराचा कडाका हाही धक्क्याचाच भाग म्हणून मेंदूला जाणवतो. सरावाच्या वेळीं कान नीट झांकले तर तेवढ्यानेंच पुष्कळांचे डोळे उघडे राहूं लागतात. डोळे मिटण्याची संवय खरोखर गेली कीं नाहीं हें ओळखण्याची एक जुनी युक्ति आहे. अधिकृत सरावाच्या जागीं, शिकणाऱ्याला नकळत, भरलेल्या काडतुसांत एखादें नकली काडतूस मिसळावें. चाप ओढूनही बार झाला नाहीं, आणि तरीही नळीचें तोंड खालीं झुकलें, तर दोष बंदुकीचा उरलेला नसून भीति अद्याप अंगांत आहे असें समजावें. मग पुन्हां हलक्या काडतुसापासून आरंभ करावा. नळी जागची हलली नाहीं, तर दस्ता माणसाला मानवला.

कापड शिवावयाचें तर शिंपी आधीं अंगाचें माप घेतो. सोलापूरसारख्या कापडाच्या मुलखांत ही गोष्ट कोणाला सांगावयास नको. मात्र ज्याच्या हातीं प्राण घेण्याचें साधन द्यावयाचें त्याच्या खांद्याचें माप घ्यावयास मालक विसरतो. बंदूक खरेदी करतांना किंमत विचारली जाते, नळीची लांबी विचारली जाते. ती ज्याला रात्रभर सांभाळावयाची आहे त्याला एकदां ती खांद्याला लावून पाहावयास सांगितलें, तर खर्च कांहींच येत नाहीं. त्याचा खांदा शाबूत राहील, डोळे उघडे राहतील, आणि ज्याचे डोळे उघडे आहेत तो पहारेकरी बहुधा बंदूक उडविण्याची वेळच येऊं देणार नाहीं.