भेगांचं मलम मृगाच्या आधी



सध्या आपल्याकडे प्रत्येक खळ्यात आमसुलं वाळताहेत. रातांबे फोडायचे, सालं रसात बुडवून उन्हात घालायची, परत बुडवायची, परत घालायची. हात लालेलाल. आणि बिया? निम्म्या घरांत त्या सरळ उकिरड्यावर जातात. आज आम्ही त्या बियांबद्दल बोलणार आहोत, कारण पायांच्या भेगांचं मलम त्यांच्यातच आहे. ते करायची वेळही हीच आहे. मृग निघाला की ना ऊन मिळेल, ना सवड.

कोकमाच्या बियांचं तेल म्हणजे आपलं भिरंडेल. कुणी मुठेल म्हणतं, कुणी नुसतं कोकमतेल. बाजारात त्याचे पांढरट, कडक गोळे मिळतात. आजीच्या फडताळात असा एखादा गोळा असायचाच. आता बऱ्याच घरी तो दिसत नाही, त्याच्या जागी कसलीतरी अर्धी पिळलेली ट्यूब असते. ती कोणी, कशासाठी आणली होती हे घरात कुणालाच आठवत नाही. पण पायाला काही झालं की तीच चोळायची! बायांनो, अशा काही ट्यूबांत स्टेरॉईड असतं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती लावत राहिलं तर कातडी पातळ होते आणि गजकर्ण असेल तर ते उलट पसरतं.

तर भिरंडेल. बियांचा गर धुऊन काढा आणि बिया कडक उन्हात पाच-सहा दिवस वाळवा. हातात घेऊन हलवल्यावर आत खुळखुळायला लागल्या की झाल्या. मग टरफल फोडून आतला गर कांडून घ्यायचा. पाट्यावर वाटलात तरी चालेल. तो भरपूर पाण्यात घालून मंद आचेवर उकळत ठेवा. तेल वर तरंगायला लागतं, ते पळीने अलगद काढून दुसऱ्या भांड्यात घ्यायचं. बियांमध्ये साधारण चौथा हिस्सा तेल असतं, पण घरी उकळून ते सगळं हाती लागत नाही. म्हणून थोडं निघालं तर नाराज होऊ नका.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. काढलेलं तेल पुन्हा एकदा कढवायचं. लोणकढं तूप करताना जशी तडतड होते तशी इथेही होते. ती पूर्ण थांबली म्हणजे पाणी गेलं. पाण्याचा अंश राहिला तर मलम टिकत नाही, बुरशी धरतं. याच कारणाने आम्ही मलमात ताजी कोरफड घालू नका म्हणतो. कोरफडीचा गर म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. तो लावायचा तर ताजा काढून लावा, बरणीत भरू नका.

मलमाचं माप असं. भिरंडेल 50 ग्रॅम, खोबरेल 100 ग्रॅम, मधमाशांचं मेण 10 ग्रॅम आणि घरच्या कुटलेल्या हळदीची अर्धा चमचा पूड. पापडाच्या कामाला आणलेला गटाचा काटा आहे, त्यावर मोजा. मेणबत्ती वितळवून घालू नका, तिच्यात रंग असतो, वास असतो.

पातेल्यात पाणी उकळत ठेवा आणि त्यात दुसरं कोरडं भांडं बसवा. त्या भांड्यात खोबरेल आणि हळद अर्धा तास मंद तापू दे. थेट विस्तवावर नको, हळद करपते. कोरड्या फडक्याने गाळून घ्या. गाळलेल्या तेलात मेण आणि भिरंडेल घालून विरघळेपर्यंत ढवळा आणि उन्हात वाळवलेल्या बरणीत ओता. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही, नाहीतर झाकणाला पाणी सुटतं आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते. घट्ट झालं तर पुढच्या वेळी खोबरेल थोडं वाढवा. बरणीत ओला हात घालायचा नाही, पोरांनाही घालू द्यायचा नाही. खवट वास यायला लागला की टाकून द्यायचं.

कुणी विचारतं, यात अजून काय काय घालू? आमचं मत, काही नको. आणि बिब्बा तर मुळीच नको. भेगेत बिब्ब्याचं तेल भरायची रीत अजून काही घरांत आहे. बिब्बा उतला की काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. रुईचा चीक, लिंबू, टूथपेस्ट हेही लांब ठेवा.

आधी थोडं मलम कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. खाज किंवा पुरळ आलं नाही तरच पुढे. रात्री पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवायचे, सोडणाने हलकेच घासायचे, पुसून कोरडे करायचे आणि भेगेत मलम भरून जुने सुती मोजे घालायचे. चादरीला हळदीचे डाग पडले की घरात कुरकुर होणारच, म्हणून मोजे. ब्लेडने कातडी कापायची नाही. पंधरा दिवस रोज करा, एक दिवस लावून सोडून देऊ नका.

आता मृगाच्या आधी का, ते सांगतो. भेगा आपण दिसण्याची गोष्ट मानतो आणि लग्नकार्य आलं की पायांकडे बघतो. पण लावणीच्या चिखलात उंदरांचं, गुरांचं मूत मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टो होतो. त्याचे जंतू शिरतात ते कातडीवरच्या जखमेतून, भेगेतून. जूनमध्ये फुटलेली टाच घेऊन चिखलात उतरणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. गमबूट घाला असं सांगणं सोपं आहे. लावणीच्या चिखलात बूट कसा रुततो ते आम्हालाही माहीत आहे. तरी बांधावरच्या कामाला, गोठ्यात, पाणथळ वाटेने जाताना तो घालता येतो.

मलम म्हणजे चिलखत नव्हे. ज्या बाईची भेग रक्ताळलेली आहे तिने मलम चोपडून चिखलात उतरू नये. आपण सावडीने लावणी करतो ना? मग तिने त्या दिवशी सगळ्यांचं जेवण करावं, उतरण्याचं काम दुसरीने घ्यावं. गटाच्या बैठकीत हे आधीच ठरवून ठेवा, आयत्या वेळी सांगायला बाई लाजते.

लावणीच्या दिवसांत ताप आला, डोकं दुखतंय, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल झालेत असं दिसलं तर पॅरासिटामॉल घेऊन घरी पडून राहू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरांनी विचारण्याआधी सांगा की मी चिखलात काम करते. लेप्टो होऊ नये म्हणूनही गोळ्या देतात, त्याबद्दल आशाताईंना विचारा. दिवस गेले असतील किंवा अंगावर पाजत असाल तर ते गोळी घेण्याआधी सांगायचं.

बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर तिथे हे मलम लावायचं नाही. तिथे ओल कोंडून त्रास वाढतो. पाय धुऊन, बेचक्या कोरड्या फडक्याने टिपून वाऱ्यावर ठेवायच्या, आणि बऱ्या होत नसतील तर उपकेंद्र गाठायचं. साखरेचा आजार असलेल्या काकींनी तर भेग घरी हाताळूच नये. त्यांना कधी कधी दुखणं कळतच नाही आणि जखम आत वाढते.

हे मलम विकू या का, असं बऱ्याच गटांनी विचारलंय. घरच्यासाठी, शेजारणीसाठी खुशाल करा. विकायचं म्हटलं की ते सौंदर्यप्रसाधन होतं आणि त्याला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. परवान्याशिवाय गटाचं नाव छापून डब्या भरू नका आणि ‘सर्व त्वचारोगांवर गुणकारी’ असं तर कधीच लिहू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने वाळलेल्या बिया आणि झाकण घट्ट बसणारी एक कोरडी बरणी आणायची आहे. मेण आम्ही आणू. चूल कुणाच्या खळ्यात पेटवायची तेवढं आधी ठरवून ठेवा.