एक मोठा पडदा की खोलीगणिक टीव्ही?



मे महिना लागला की मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडची घरं भरतात. मुंबईचे चाकरमानी मुलाबाळांसह येतात, एरवी तिघाचौघांच्या घरात पंधरा-वीस पानं पडतात, आणि नेमके त्याच दिवसांत आयपीएलचे सामने रंगात आलेले असतात. 2008 साली ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून बहुतेक वर्षी हा योग जुळत आला आहे. संध्याकाळी ओटीवरच्या एका टीव्हीपुढे सारं घर दाटीवाटीनं बसतं. पुढच्या पोरांची डोकी मध्ये येतात आणि मागून आजी म्हणते, ‘‘अरे, माका कायच दिसणा नाय!’’ मग जेवताना विषय निघतो. यंदा प्रोजेक्टर आणावा, की तेवढ्याच पैशांत माजघरात आणि माडीवर आणखी एकेक टीव्ही लावावा? आंब्याचे पैसे नुकते हातात आलेले असतात, त्यामुळे प्रश्न नुसता गप्पांचा राहत नाही.

दुकानदार तुम्हांला इंचांच्या गोष्टी सांगेल. इंच महत्त्वाचे आहेतच. पण माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात. सामन्याच्या वेळी तुमच्याकडे काळोख किती असतो, आणि घरातली माणसं एकच सामना पाहणार आहेत का?

काळोखाचं असं आहे. टीव्हीचा पडदा स्वतः उजळतो. प्रोजेक्टर दुसऱ्याच्या भिंतीवर प्रकाश टाकतो. आता तुम्हीच विचार करा, काळ्या रंगाचा प्रकाश कुठून टाकणार? जिथे काळं दाखवायचं तिथे प्रोजेक्टर प्रकाश टाकत नाही, एवढंच. म्हणजे भिंत मुळात जितकी काळोखात, तितकंच चित्रातलं काळं काळं. दारातून ऊन आत येत असेल, तर खेळाडू, मैदान आणि प्रेक्षक सगळे राख फासल्यासारखे दिसतात आणि पांढरा चेंडू तर सापडतच नाही. आपल्याकडे दशावताराचा खेळ रात्री रंगतो, तसंच प्रोजेक्टरचं आहे. त्याला रात्र लागते.

दुसरी गोष्ट चित्राच्या आकाराची. 43 इंची टीव्हीच्या मानानं 100 इंची चित्राचं क्षेत्रफळ पाचपटीहून जास्त असतं. मागच्या रांगेतल्या आजीला धावफलक वाचता येतो तो यामुळे. पण चित्राची लांबी आणि उंची दुप्पट केली, की तोच प्रकाश चौपट जागेत पसरतो आणि चित्र चौथ्या हिश्शानं उजळ राहतं. गॅसबत्ती लांब नेल्यावर काय होतं ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे गणित शिकवायला नको. म्हणून मोठ्या चित्राचा फार हव्यास धरू नये. शिवाय 100 इंची चित्रासाठी साधा प्रोजेक्टर भिंतीपासून नऊ ते अकरा फूट लांब ठेवावा लागतो. अरुंद ओटीवर तो बसत नाही. खळ्यात किंवा लांब माजघरातच त्याची सोय लागते. जाहिरातीत प्रकाशाचे मोठमोठे आकडे असतात, तिथे ‘एएनएसआय ल्युमेन’ असा आकडा दिला आहे का ते पाहा. तो नसेल तर बाकीच्या आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आता वेळापत्रक पाहू. आयपीएलचा रात्रीचा सामना साडेसातला सुरू होतो. मेच्या मध्याला आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास समुद्रात जातो, तेव्हा हा सामना प्रोजेक्टरला मानवतो. साडेतीनचा मानवत नाही. इंग्लंडमधली कसोटी आपल्या दुपारी सुरू होते, ऑस्ट्रेलियातली पहाटे, आणि दोन्हींचा बराच खेळ उजेडातच होतो. 2 एप्रिल 2011 चा विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. वानखेडेवर अडीच वाजता तो सुरू झाला. खळ्यातल्या मांडवात पडदा लावला असता, तर श्रीलंकेचा डाव भर उन्हात वाया गेला असता. धोनीचा शेवटचा षटकार मात्र सगळ्या वाडीनं पाहिला असता.

विजेचा हिशेबही करायला हवा, कारण मेअखेर वळिवाचा पाऊस आला की दिवे जातात. दिव्याचा प्रोजेक्टर, ध्वनिवर्धक आणि डिशची पेटी मिळून साडेतीनशे वॅट धरले, तर 150 एएचची चांगली बॅटरी तीन-सव्वातीन तास साथ देईल, तीही पंखे बंद ठेवून. वीस षटकांचे दोन डाव व्हायला जवळजवळ चार तास लागतात! मध्यम आकाराचा टीव्ही पेटीसकट शंभर वॅटच्या आत भागतो. त्यावर अख्खा एकदिवसीय सामना निघतो. मुसळधार पावसात डिशचं चित्र तुटतं, त्याला मात्र दोघांपाशीही उपाय नाही. खारी हवा दोघांनाही बाधते, पण प्रोजेक्टरच्या भिंगावर बुरशी धरली तर सगळं चित्रच मळकट होतं. पावसाळ्यात तो घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावा.

मग दोन-तीन टीव्ही बरे का? त्यांचंही एक गंमतीचं दुखणं आहे. दर टीव्हीला वेगळी पेटी आणि वेगळा मासिक खर्च लागतो. तो वाचवायला एका खोलीत डिश आणि दुसऱ्या खोलीत इंटरनेट असं केलंत, तर इंटरनेटचं चित्र बहुधा मागाहून येतं. ओटीवर ‘‘गेला, गेला!’’ असा गलका होतो आणि माडीवर अजून गोलंदाज धावतोच आहे. सामन्यातली उत्कंठा एवढ्यानंच संपते.

आणि घर वाटलं जातं, हे मला अधिक खटकतं. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकायला एका रेडिओभोवती माणसं जमत, शेजारीही येत. तो मेळ मोठ्या पडद्यापुढे पुन्हा जमतो, यात शंका नाही. पण मंडळी, एका पडद्याला एकच रिमोट असतो, आणि तो बहुतेक घरांत कोणाच्या हाती असतो ते तुम्ही जाणता. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. तो सामना सगळ्यांनी पाहिला. पण त्याआधीचे साधे साखळी सामने किती घरांत मुलींना मागून घ्यावे लागले असतील! ज्या घरात रिमोट मागूनही मिळत नाही, तिथे मी प्रोजेक्टरआधी दुसरा टीव्ही घ्यायला सांगेन, लहान असला तरी चालेल.

एरवी माझा सल्ला असा, की रोजच्यासाठी ओटीवर एक चांगला टीव्ही पुरे, आणि प्रोजेक्टर तीन-चार घरांनी मिळून घ्यावा. वर्षातून दहा-पंधरा रात्रींसाठी एकट्यानं भार उचलण्यात अर्थ नाही. शिक्षकबंधूंनो, लोकवर्गणीतून आलेला प्रोजेक्टर पुष्कळ शाळांत आहे आणि गावकरी सामन्यासाठी तो मागायला येतातच. तो द्यायचा तर शाळा व्यवस्थापन समितीला विचारून द्या. आणि तिकीट मात्र कोणी लावू नये. पैसे घेऊन प्रक्षेपण दाखवायला हक्कदारांची परवानगी लागते.

विकत घेण्याआधी एक रात्र कोणाचा तरी प्रोजेक्टर मागून आणा. सामन्याच्याच वेळी, तुमच्याच खळ्यात, धुतलेली पांढरी चादर सुरकुती न ठेवता ताणून बांधा. आजीला सगळ्यांत मागे बसवा आणि धावा किती झाल्या ते तिलाच विचारा.